जर्मनीतला पहिला ख्रिसमस: घरात झाड आणायचं का आणि २४ तारखेला करायचं काय?

ओवी_ | २१ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमधे पुण्याहून श्टुटगार्टला आलो. नवऱ्याची नोकरी इथे, मी सध्या जर्मनच्या क्लासला जाते, मुलगा दहा वर्षांचा आहे आणि तो फोरबेराइटुंग्सक्लासमधे, म्हणजे जर्मन न येणाऱ्या मुलांचा शाळेत वेगळा वर्ग असतो त्यात, आणि मुलगी पाच वर्षांची, किटाला, म्हणजे बालवाडीला जाते. गणपती आणि दिवाळी इथल्या मराठी मंडळींमुळे अगदी छान झाली, परकं असं वाटलंच नाही. पण आता ख्रिसमस येतोय आणि पहिल्यांदा असं वाटतंय की हा सगळ्या गावाचा सण आहे आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही.

११ नोव्हेंबरला किटाची कंदिलांची मिरवणूक होती, सेंट मार्टिनची, मुलगी स्वतः बनवलेला कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत अंधारात चालली, फार गोड दिसत होती. तेव्हापासून ती रोज विचारते की क्रिस्टकिंड, म्हणजे भेटी आणणारा बाळ येशू, आपल्या घरी येणार का, तिच्या मैत्रिणीने सांगितलंय की ते खिडकीतून येतं आणि झाडाखाली भेटी ठेवतं. आता झाडच नाही तर येणार कसं, हा तिचा प्रश्न. घरात झाड आणावं का यावर आमच्या दोघांचं एकमत नाहीये, सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या थोडा वेळ गप्पच झाल्या.

आणि खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी एकट्या राहतात, त्यांनी आम्हाला २६ तारखेला दुपारी कॉफीला बोलावलंय. काय न्यायचं, काय नाही, आम्ही शाकाहारी आहोत हे कधी आणि कसं सांगायचं? आणि २४ ला नक्की काय असतं? क्लासमधली एक ब्राझीलची मैत्रीण म्हणाली की त्या संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि तिला पहिल्या वर्षी रडू आलं होतं. ते ऐकल्यापासून जरा धास्तीच घेतलीये.

रानवारा | २१ नोव्हेंबर

ओवीताई, मी म्युन्शेनला (म्युनिकला) बरीच वर्षं आहे, आधी किराण्याचं बोलतो कारण भावनांचं बाकीचे लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. २४ डिसेंबर ही कायद्याने सार्वजनिक सुट्टी नाहीये, पण दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत उघडी असतात आणि बरीचशी त्याच्याही आधी आवरतात, त्यानंतर २५ आणि २६ पूर्ण बंद. यंदा २७ ला शनिवार आहे म्हणून एक दिवस दुकानं उघडतील आणि २८ ला परत रविवार. पुढच्या वर्षी तर २५, २६ आणि २७ सलग बंद असणार आहेत, शुक्रवार, शनिवार, रविवार. त्यामुळे दूध, दही, भाजी, मुलांचं खाणं हे सगळं २२ पर्यंत घरात आणून ठेवा, २३ ला सुपरमार्केटमधे पाय ठेवायला जागा नसते. अगदीच अडलं तर हाउप्टबानहोफमधली, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनातली, काही दुकानं आणि पेट्रोल पंप चालू असतात.

औषधांचं लक्षात ठेवा. मुलांना नेमका सुट्टीत ताप येतो. नेहमीचे डॉक्टर बहुतेक २४ ते नवीन वर्षापर्यंत बंद असतात, त्यांच्या दारावर बदली डॉक्टरचं नाव लावलेलं असतं. तातडीचं नसेल पण थांबताही येत नसेल तर ११६११७ हा नंबर, आणि जीवावरचं असेल तर ११२. औषधांची दुकानं पाळीपाळीने रात्री आणि सुट्टीत उघडी राहतात, आज कुणाची पाळी आहे ते प्रत्येक आपोथेकेच्या दारावर लिहिलेलं असतं. तापाचं औषध आत्ताच आणून ठेवा.

आणि हो, बर्फाची मुलांना आशा लावू नका. संपूर्ण जर्मनीत पांढरा ख्रिसमस शेवटचा झाला तो २०१० साली. आपल्याकडच्या शहरांत नेमकं त्याच आठवड्यात हवा उबदार होते आणि पाऊस पडतो, इतकं नेहमीचं की जर्मनमधे या हवेला स्वतंत्र नावच आहे.

घाटवाट | २२ नोव्हेंबर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. झाड आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे. द्वेष म्हणून नाही. इथे आपल्या मुलांना दिवाळीला सुट्टी नसते, संक्रांत कुठे आली कुठे गेली कळत नाही, आणि ख्रिसमस मात्र महिनाभर शाळेत, दुकानात, रस्त्यात, सगळीकडे असतो. त्याला आपल्या घरातही जागा दिली तर मुलांच्या मनात मोठा सण कुठला राहणार? माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. आम्ही बाहेरचा ख्रिसमस आनंदाने बघितला, शेजाऱ्यांना फराळ दिला, त्यांच्या घरी जेवलो, पण आमच्या घरात दिवाळी आणि गणपतीच. तिला त्याचं कधी कमीपण वाटलं नाही. लहान वयात मुलं विचारतात, त्यांना प्रेमाने सांगितलं की कळतं.

निळाई | २२ नोव्हेंबर

घाटवाट दादा, तुमचं म्हणणं समजतं, पण पाच वर्षांच्या मुलीला किटात सोमवारी सगळे गोल बसून सांगतात ना की घरी काय केलं, तेव्हा तिच्याकडे सांगायला काहीतरी असलं पाहिजे असं मला वाटतं. ते झाडच असायला हवं असं नाही.

ओवी, ख्रिसमसला एकच दिवस धरू नकोस, इथे खरी मजा आधीच्या चार आठवड्यांत आहे. ३० नोव्हेंबरला पहिला अ‍ॅडव्हेंट रविवार आहे, मग ७, १४ आणि २१ डिसेंबर. चार मेणबत्त्यांचं हिरव्या डहाळ्यांचं कडं टेबलावर ठेवतात आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जातात. ही पद्धत १८३९ साली हाम्बुर्गला सुरू झाली. योहान हिनरिश विशर्न नावाचे धर्मशास्त्राचे अभ्यासक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, ती मुलं सारखी विचारायची की ख्रिसमस कधी, म्हणून त्यांनी जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. मुलांना दिवस मोजता यावेत एवढ्यासाठी. मला हे फार आवडतं. अंधार इतका असतो ना, २१ डिसेंबरला तुमच्याकडे सव्वाआठच्या सुमारास उजाडणार आणि साडेचारला दिवस संपणार, त्यात संध्याकाळी टेबलावर ज्योत असली की घर घर वाटतं.

५ डिसेंबरला रात्री मुलांना बूट स्वच्छ पुसून दाराबाहेर ठेवायला सांग. ६ ला सकाळी संत निकोलाऊस त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट ठेवून जातो. मोठ्या भेटी देऊ नकोस, इथे निकोलाऊसला छोटंच देतात. आणि मुलाला जर्मनचा सराव म्हणून नाताळबाबाला पत्र लिहायला लाव, ब्रांडेनबुर्गमधे हिमेलफोर्ट नावाचं गाव आहे, तिथे पोस्ट खात्याचं खास ऑफिस मुलांच्या पत्रांना उत्तर देतं. पत्र तिसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या आत पोचायला हवं. माझ्या मुलाने ते उत्तर अजून कपाटात जपून ठेवलंय.

झाडावर भांडण होत असेल तर मधला मार्ग म्हणून नुसत्या फरच्या डहाळ्या आण, फुलांच्या दुकानात जुडी मिळते, मोठ्या फुलदाणीत ठेवायच्या आणि त्यावर दोनचार वस्तू टांगायच्या. कितीतरी जर्मन घरांत असंच करतात. वास घरभर पसरतो.

वसईकर | २३ नोव्हेंबर

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी वसईचा, कॅथलिक, घरी आम्ही सामवेदी बोली बोलतो, आता क्योल्नजवळ राहतो. इथे ख्रिसमस म्हणजे जर्मनांचा सण आणि दिवाळी म्हणजे मराठी माणसाचा सण अशी सरळ वाटणी होतेय, त्यात आम्ही कुठे बसतो? फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, ते मराठी ओव्यांमधे आहे. नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, अनारसे, शंकरपाळी होतात, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं चर्चमधे पेटीवर म्हणतात. आमच्याकडे पोरं आठवडाभर खपून गल्लीत गोठा बनवतात, गवत, माती, बाळ येशू, मेंढरं, आणि हिंदू शेजारी बघायला येतात, करंजी खाऊन जातात. म्हणजे नाताळ मराठी घराला काही नवीन नाही. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता झाडाबद्दल. माझ्या आईच्या दृष्टीने नाताळ म्हणजे गोठा आणि मिस्सा (चर्चमधली उपासना), झाड नंतर कधीतरी आलं. झाड ही मुळात जर्मन घरांची पद्धत, इथूनच १९ व्या शतकात ती जगभर गेली. ते आणल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही आणि नाही आणलं तर आमचा कुणाचा अपमानही होत नाही. श्रद्धेने करायचं नसेल तर घरात आनंद म्हणून करा, तेवढं प्रामाणिक असलं म्हणजे झालं.

पण एक गोष्ट जरूर करा. २४ ला दुपारी तीन-चारच्या सुमारास बहुतेक सगळ्या चर्चमधे लहान मुलांचं क्रिपेनश्पील असतं, गोठ्यातल्या जन्माची नाटुकली, मुलंच मेंढपाळ होतात, मुलंच देवदूत. कुणीही जाऊ शकतं, तिकीट नाही, नावनोंदणी शक्यतो नाही, पण अर्धा तास आधी जा, नाहीतर उभं राहावं लागतं. कॅथलिक मिस्सा असेल तर लोक कम्युनियनसाठी, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायला, रांगेत जातात तेव्हा तुम्ही आपल्या जागी बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. शेवटी दिवे मंद करून सगळे मिळून गातात. भाषा कळली नाही तरी मुलांना गोष्ट कळेल.

घाटवाट | २३ नोव्हेंबर

वसईकर, तुमचं पटलं, माझ्या बोलण्यात तुम्ही सुटून गेलात हे खरं आहे. झाडाबद्दल माझं मत तेच आहे, पण मराठी सण आणि परका सण अशी विभागणी परत करणार नाही.

सह्यमित्र | २४ नोव्हेंबर

श्टुटगार्टचं ख्रिसमस मार्केट चुकवू नका, १६९२ सालापासूनचा त्याचा उल्लेख सापडतो. स्टॉलच्या छपरांवर केलेली सजावट हे त्याचं वैशिष्ट्य आहे, मुलांना मान वर करून बघत चालायला सांगा. ते २३ लाच संपतं, म्हणजे ख्रिसमसला मार्केट बघू असा बेत करू नका. शनिवारची संध्याकाळ टाळा, मंगळवार-बुधवारी दुपारी जा. जवळच एसलिंगनला जुन्या काळातल्या बाजाराची मांडणी असते, एस-बानने (लोकल ट्रेनने) थोड्याच वेळात पोचता, मुलाला तिथले लोहार आणि सुतार आवडतील.

शाकाहारी खाण्यात भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले बदाम, बटाट्याचे पुफर (किसाचे तळलेले घावन) सफरचंदाच्या गरासोबत. पुफरमधे अंडं असू शकतं, चालत नसेल तर विचारून घ्या. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलोमधे बहुतेक जिलेटिन असतं. श्टोलन या ख्रिसमसच्या केकमधल्या मनुका बऱ्याचदा रममधे भिजवलेल्या असतात. मुलांना किंडरपुन्श हे बिनदारूचं गरम पेय द्या, मोठ्यांच्या ग्लूवाइनमधे दारू असते आणि दोन्ही एकसारख्या कपात मिळतात. कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत केला की पैसे परत, किंवा आठवण म्हणून घरी न्या.

सिस्टर_लाइपझिग | २४ नोव्हेंबर

मी इथे हॉस्पिटलमधे नर्स आहे. माझा पहिला ख्रिसमस ड्युटीवर गेला. आमच्याकडे साधारण असं ठरतं की लहान मुलंवाल्यांनी २४ ची सुट्टी घ्यायची आणि बाकीच्यांनी ३१ ची, त्यामुळे एकटी असले की २४ आपल्याच वाट्याला. संध्याकाळी ट्रॅममधे मी आणि ड्रायव्हर, दुसरं कुणी नाही. पण वॉर्डमधे ज्यांना घरी जाता आलं नव्हतं असे म्हातारे पेशंट होते, त्यांच्याबरोबर बसून बटाट्याचं सॅलड खाल्लं. इथे २४ ला कितीतरी घरांत एवढंच जेवण असतं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, मोठं जेवण २५ ला. तुमच्या मैत्रिणीला रडू आलं ते मला पूर्ण कळतं. त्या रात्री प्रत्येक जण आपापल्या घरात असतो आणि बाहेर काहीच नसतं. तेव्हा ओवीताई, तुमच्या घरात कुणालातरी बोलवा. विद्यार्थी, ड्युटीवरून सुटलेलं कुणी, कुणीही.

आणि दिवाळीचा आकाशकंदील उतरवला असेल तर परत लावा. आमच्या साक्सनीत हेर्नहुट नावाचं गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १९ व्या शतकात मुलांना भूमिती शिकवायला कागदाचे टोकदार तारे करायचे, आता ते तारे आत दिवा लावून अ‍ॅडव्हेंटमधे घरोघरी टांगलेले असतात. पहिल्यांदा बघितला तेव्हा कुणी मराठी माणूस राहतो की काय म्हणून मी वर बघत उभी राहिले होते.

पाऊलवाट | २५ नोव्हेंबर

मी श्टुटगार्टलाच फाइंगनच्या होस्टेलवर राहतो, मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर. माझ्या मजल्यावरचे सगळे जर्मन २० पासून घरी जाणार, मेन्सा, म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ, सुट्टीत बंद. भारतात जायचं तिकीट परवडत नाही. धागा वाचतोय, रानवारा दादांची किराण्याची माहिती उपयोगी पडली, थँक्यू.

ओवी_ | २५ नोव्हेंबर

पाऊलवाट, २४ ला दुपारी आमच्याकडे ये, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. होस्टेलवर अजून कुणी एकटं असेल तर त्यांनाही घेऊन ये. जेवण आणि झोपायची सोय आहे.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. वसईकर, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या त्यांच्या लहानपणी मिरजेला मिशन हॉस्पिटलच्या आवारात नाताळची गाणी ऐकायला त्या जायच्या, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. डहाळ्या आणायच्या हे नक्की झालं, नवरा आणि मी दोघंही खूश. २६ च्या कॉफीचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही.

निळाई | २६ नोव्हेंबर

कॉफीला तीनला बोलावलं असेल तर तीन म्हणजे तीन, पाच मिनिटं आधीही बेल वाजवू नकोस. शाकाहाराचं आत्ताच सांग, जिन्यात भेटल्या की सहज, कारण आजी केक बहुतेक आठवडाभर आधी ठरवतील. अंडं चालत नसेल तर तेही सांग. त्यांना त्रास होईल असं वाटून गप्प राहणं इथे चालत नाही, ऐनवेळी ताटात काही सोडलं तर त्यांना जास्त वाईट वाटतं. न्यायला घरी केलेलं काहीतरी डब्यात, आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी, सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असते लोकांना. महागडी भेट नको, अवघडतात. दारात बूट काढायची तयारी ठेव.

ओवी_ | २७ डिसेंबर

सगळं नीट पार पडलं, सविस्तर लिहिते कारण पुढच्या वर्षी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येईल.

२४ ला पाऊलवाट आणि त्याचे दोन मित्र आले, एक नागपूरचा आणि एक बांगलादेशचा. क्रिपेनश्पीलला आम्ही सगळे गेलो, अर्धा तास आधी जाऊनही मागेच जागा मिळाली, नवऱ्याने मुलीला खांद्यावर घेतलं होतं. माझ्या मुलाच्या वर्गातला एक सीरियन मुलगा मेंढपाळ झाला होता, दोन वाक्यं होती त्याला, ती त्याने खणखणीत म्हटली आणि माझा मुलगा इतका जोरात टाळ्या वाजवायला लागला की पुढच्या बाकावरच्या बाई वळून हसल्या. हा मुलगा चार महिने शाळेचं नाव काढलं की गप्प व्हायचा. घरी येताना तो म्हणाला पुढच्या वर्षी मी पण बोलू शकेन एवढं. माझ्यासाठी सगळ्या ख्रिसमसमधे हे सगळ्यात मोठं होतं.

बाहेर खरंच कुणी नव्हतं, मैत्रीण बरोबर बोलली होती. दुकानांच्या काचा काळ्या, बस नाही, खिडक्यांमधे मात्र सगळीकडे उजेड. पण आम्ही सात जण बोलत चाललो होतो त्यामुळे ते अंगावर आलं नाही. घरी मसालेभात, बटाट्याची भाजी, पोरांनी दोनदा वाढून घेतलं. साडेसातला भेटी. क्रिस्टकिंडची घंटी नवऱ्याने आतल्या खोलीत वाजवली, इथे तसंच करतात म्हणे, मुलं बाहेर थांबतात आणि घंटी वाजली की दार उघडतं. भारतात तेव्हा मध्यरात्र, सासूबाई मुद्दाम जाग्या राहिल्या होत्या आणि फोनवर सगळं बघत होत्या.

२६ ला आजींकडे शंकरपाळी आणि नारळाच्या वड्या नेल्या. त्यांनी अंड्याशिवायचा केक केला होता, पहिल्यांदाच, रेसिपी शोधून. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या २६ ला कुणाला बोलवत नव्हत्या हे त्यांनी निघताना सांगितलं. जर्मन माझं कच्चं, तरी एवढं कळलं. मुलगी आता त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणते.

घाटवाट दादा, आकाशकंदील दिवाळीपासून खिडकीत आहे, उतरवलाच नाही.

रानवारा | २७ डिसेंबर

वा, छानच. मुलांना फटाक्यांची हौस असेल तर विक्री फक्त २९, ३० आणि ३१ ला, आणि शहराच्या मध्यभागी मनाई असू शकते, नगरपालिकेचा बोर्ड बघा. ६ जानेवारीच्या आसपास राजांचे मुकुट घातलेली मुलं गाणी म्हणत दारावर येतील, ते गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात, सुटे जवळ ठेवा. दारावर खडूने वर्ष आणि तीन अक्षरं लिहितात, तो घराला आशीर्वाद असतो, ते वर्षभर ठेवतात. ६ ला तुमच्या राज्यात सुट्टी आहे, दूध आधी आणा.

घाटवाट | २८ डिसेंबर

ओवीताई, वाचून फार बरं वाटलं, मुलाचं तर विशेष. आता एक काम करा. गुढीपाडवा १९ मार्चला आहे, गुरुवार. किटा आणि शाळा दोन्हीकडे जानेवारीतच बोलून ठेवा, तिथे जाऊन मुलांना गोष्ट सांगायची, छोटी गुढी दाखवायची. दोघं पालक आले तर त्यांना आवडतं, पण कार्यक्रम आधी ठरलेले असतात, फेब्रुवारीत विचारलं तर जागा नसते. काठी, कापड, गाठी काही लागलं तर मी पाठवतो.

ओवी_ | २८ डिसेंबर

७ ला किटा उघडतेय, तेव्हाच विचारते. गाठी पाठवा दादा, त्या इथे मिळत नाहीत.